देवगडची गादी आणि सानगडीचा किल्लेदार

देवगडचे गोंड राज्य १७४३ साली संपले, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. सानगडीच्या किल्ल्यात मात्र ते आणखी तीन वर्षे चालू होते.

सानगडी म्हणजे आजच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले गाव. भोवती भाताची बांधी, कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव, आणि गावाला लागून किल्ल्याचे अवशेष. या किल्ल्यात मोहम्मद खान नावाचा पठाण देवगडच्या राजाच्या नावाने मराठी फौजेला दाद न देता बसला होता. ज्या राजासाठी तो लढत होता तो राजा मात्र त्या वेळी नागपुरात, ज्यांच्याविरुद्ध ही लढाई चालली होती त्या रघुजी भोसल्यांच्याच आश्रयाला होता. राजाला नावापुरते राजेपण मान्य होते, तनखाही मान्य होता. किल्लेदाराला हे मान्य नव्हते.

ही गाठ कशी पडली हे समजायला देवगडच्या घरातली भांडणे पाहावी लागतात.

देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात येते. अकबराच्या काळात तिथे जाटबा नावाचा राजा होता. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त त्याच्या पदरी २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती असल्याची नोंद केली आहे. आकडे फुगवलेले असतील, पण मोगल दरबाराने दखल घ्यावी इतका तो मोठा होता, एवढे नक्की. याच घराण्यातला बख्त बुलंद हा सर्वांत कर्तबगार पुरुष. त्याची कारकीर्दही गादीच्या भांडणानेच सुरू झाली. भाऊबंदांनी गादी अडवली, तेव्हा तो दिल्लीच्या बादशहाकडे दाद मागायला गेला. औरंगजेबाने मदत दिली आणि १६८६ च्या सुमारास बख्त बुलंद मुसलमान होऊन गादीवर बसला. पुढे बादशहा दख्खनमध्ये अडकलेला पाहून त्याने बंड केले. चिडलेल्या औरंगजेबाने त्याचे बख्त बुलंद, म्हणजे भाग्यवान, हे बिरुद काढून त्याला निगूनबख्त, म्हणजे कमनशिबी, म्हणायचा हुकूम सोडला. त्या हुकमाने बख्त बुलंदच्या नशिबात काही फरक पडला नाही. त्याने घाटाखालच्या सपाटीवर शेतकरी आणि कारागीर आणून वसवले, राज्य वैनगंगेच्या खोऱ्यात पसरवले, आणि अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बारा-तेरा वाड्या एकत्र करून नागपूर उभे केले.

भंडारा जिल्हा त्या वेळी एका हाताखाली नव्हता. उत्तरेचा, सातपुड्याच्या पायथ्याचा भाग देवगडचा, तर सानगडीच्या बाजूचा मुलूख चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेतला. बख्त बुलंदने डोंगरताल परगणा राजखान पठाण या सरदाराच्या स्वाधीन केला होता. या राजखानाने राजाच्या परवानगीने खाली उतरून सानगडी जिंकली. तुमसरजवळचा अंबागडचा किल्लाही १७०० च्या आसपास त्यानेच बांधला. म्हणजे राजघराणे गोंड आणि धर्माने मुसलमान, सरदार पठाण, रयत कुणबी, कोहळी, पोवार, कोष्टी. आजच्या चौकटीत बसणार नाही असे हे राज्य होते, आणि ते चालत होते. मोहम्मद खान हा या राजखानाचा मुलगा.

बख्त बुलंदनंतर चांद सुलतान गादीवर आला. त्याने राजधानी नागपूरला आणली, शहराला तट घातला, तलाव बांधला. १७३० च्या दशकात तो वारला आणि घर पुन्हा फुटले. बख्त बुलंदचा दासीपुत्र म्हणवला जाणारा वलीशाह पुढे सरसावला आणि त्याने गादी बळकावली. चांद सुलतानची राणी रतनकुंवर हिचे दोन मुलगे, बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह, बाजूला पडले. राणीकडे फौज नव्हती. वऱ्हाडात रघुजी भोसले होते. तिने त्यांना बोलावणे पाठवले.

ज्यांना तिने वारसाहक्काच्या रक्षणासाठी बोलावले, त्या रघुजींचे स्वतःचे चरित्र या बाबतीत फार बोलके आहे. वऱ्हाडची सेनासाहेब सुभ्याची सरदारी त्यांच्या काकांकडे, कान्होजी भोसल्यांकडे होती. शाहू महाराजांची मर्जी कान्होजींवरून उडाली, पुतण्याला पुढे करण्यात आले, आणि रघुजींनी वणीजवळच्या मंदरला काकांना पकडून साताऱ्याला पाठवले. काकांची उरलेली वर्षे कैदेत गेली. ज्या शाहू महाराजांनी हा निवाडा केला, त्यांनी स्वतःची गादी काकू ताराबाईंशी लढून मिळवली होती. अठराव्या शतकात वारसाचा वाद नसलेले मराठी घर शोधायचे तर बराच वेळ लागेल.

रघुजी आले. वलीशाह मारला गेला. राणीचे दोन्ही मुलगे गादीवर बसले. राणीने रघुजींना आपला तिसरा मुलगा मानले आणि राज्यात वाटा दिला, असे नागपूरकडे सांगितले जाते. पवनीसह वैनगंगेकाठचा मुलूख मराठ्यांच्या हाताखाली येऊ लागला तो इथून. या पहिल्या खेपेला रघुजी मोबदला घेऊन वऱ्हाडात परत गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ते लुटारूसारखे आले आणि राज्य गिळून बसले, असे घडलेले नाही. त्यांना बोलावले होते, ते आले, काम केले आणि निघून गेले.

इथे थोडे दूर, पार जपानला जाऊन येऊ. मुद्दाम वाट वाकडी करावी असे त्या देशात काही आहे.

जपानच्या सम्राटांचे घराणे कधी बदलले नाही, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. पण घराणे एक असले म्हणून भांडण टळत नाही. तेराव्या शतकात क्योतोत सम्राट आणि कामाकुरा इथे लष्करी सरकार, अशी दोन केंद्रे होती. १२२१ साली सम्राटाच्या पक्षाने लष्करी सरकारशी लढून पाहिले आणि मार खाल्ला. तेव्हापासून गादीवर कोण बसणार यात शेवटचा शब्द कामाकुराचा झाला. गो-सागा या सम्राटाने आधी थोरल्या मुलाला, गो-फुकाकुसाला, गादी दिली. मग १२६० मध्ये त्याला उतरवून धाकट्या कामेयामाला बसवले. १२७२ मध्ये गो-सागा वारला, पण कोणाची शाखा पुढे चालणार हे त्याने स्पष्ट करून ठेवले नव्हते. प्रश्न कामाकुराकडे गेला. कामाकुराने काय करावे? त्यांनी दोन्ही मुलांच्या आईला विचारले, नवऱ्याच्या मनात कोण होता? तिने धाकट्याचे नाव सांगितले.

एक विधवा आणि तिचे दोन मुलगे. तिचा शब्द आणि दाराशी उभा असलेला तलवारबहाद्दर. क्योतो आणि नागपूर यांच्यात साडेचारशे वर्षांचे आणि हजारो कोसांचे अंतर आहे, पण गादीचा कारभार इतका सारखा चालावा याचे नवल वाटते. कामाकुराच्या होजो घराण्याने त्या एका शब्दावर थांबणे शहाणपणाचे मानले नाही. पुढे कधी या शाखेचा, कधी त्या शाखेचा, असा आलटून पालटून सम्राट बसवण्याची रीत त्यांनी पाडली. १३१७ मध्ये दहा-दहा वर्षांच्या पाळीचा तह झाला. दोन्ही शाखा सतत कामाकुराकडे अर्ज घेऊन उभ्या राहत होत्या, आणि ज्याच्याकडे दोघेही अर्ज घेऊन येतात त्याला राजा होण्याची गरजच काय?

रघुजींनाही ती गरज पडली नाही. त्यांच्या पहिल्या परतीनंतर काही वर्षांतच दोन भावांचे बिनसले. १७४३ मध्ये बुऱ्हाणशाहाने पुन्हा रघुजींना हाक मारली. अकबरशाहाला राज्यातून हाकलण्यात आले. तो हैदराबादेला गेला आणि तिथे विषाने मेला. या दुसऱ्या खेपेला मात्र रघुजी परत गेले नाहीत. हाती आलेला मुलूख दुसऱ्यांदा परत करायला त्यांचे मन धजेना, अशा आशयाचे वाक्य इंग्रज गॅझेटियरकारांनी लिहून ठेवले आहे. त्यात थोडा टोमणा आहे. पण इंग्रजांनी रघुजींना हा टोमणा मारावा, यात जास्त मोठी गंमत आहे.

रघुजींनी बुऱ्हाणशाहाला गादीवरून उतरवले नाही, आणि सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे. त्याला नागपुरात किल्ल्यात ठेवले, उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा लावून दिला, राजचिन्हे त्याच्याकडेच राहू दिली. लोक त्याला संस्थानिक म्हणू लागले. सरकारी महसुली कागदांवर त्याचा शिक्का पडत राहिला. नव्या भोसले राजाला कपाळी टिळा लावायचा मान गोंड राजाचा राहिला. राज्य भोसल्यांचे, पण ते भोसल्यांचे आहे असे म्हणण्याचा अधिकार गोंडांचा. भंडाऱ्याच्या एखाद्या पाटलाला शेतसारा कोणाला द्यायचा हे चांगले कळत होते. पण कागदावरची मोहोर पाहून त्याला हेही कळत होते की जुना राजा अजून आहे.

रघुजी हे का करत होते? दयेपोटी नव्हे. सेनासाहेब सुभा हे पद साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेले होते. त्या पदाने चौथाई वसूल करता येते, मुलूख मारता येतो. जंगलपट्टीतल्या गोंड जमीनदारांनी आपणहून मान तुकवावी असा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. तो बुऱ्हाणशाहाच्या टिळ्यातून मिळत होता. त्या टिळ्याची किंमत वर्षाच्या तनख्याहून खूप जास्त होती, आणि रघुजी हिशोबाला पक्के होते.

पण हा हिशोब सानगडीत पटला नाही. मोहम्मद खानाचा बाप देवगडच्या चाकरीत मोठा झाला होता, किल्ला त्याने स्वतः जिंकून आणला होता. राजाने मराठ्यांशी तडजोड केली म्हणून किल्लेदाराने किल्ला द्यायचा, हे त्याला मान्य नव्हते. तो देवगडच्या राजाच्या नावाने तीन वर्षे सानगडीत टिकून राहिला. त्या काळातल्या मराठी फौजा बंगालपर्यंत धावत होत्या. रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये तिकडेच अलिवर्दी खानाच्या दग्याने मारले गेले. रघुजींचे लक्ष आणि फौज पूर्वेकडे गुंतलेली असणे हे सानगडी टिकण्याचे एक कारण असणार, असे मला वाटते. तरी तीन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत.

शेवटी रघुजींनी तोफेऐवजी दुसरा मार्ग काढला. इतका इमानी माणूस आपल्याकडे असावा असे त्यांना वाटले. किल्ला सोड, तुला शिवनीचा मुलूख आणि दिवाण हा किताब देतो, असा निरोप गेला. मोहम्मद खानाने तो मानला. शिवनीच्या दिवाण घराण्याची सुरुवात अशी भंडारा जिल्ह्यातल्या एका किल्ल्यातून झाली.

जपानमध्येही असा एक किल्लेदार होऊन गेला. गो-दाइगो हा सम्राट १३१८ मध्ये गादीवर आला. पाळीपाळीचा खेळ त्याला मान्य नव्हता. त्याने कामाकुराविरुद्ध उठाव केला, पकडला गेला, १३३२ मध्ये ओकी बेटावर हद्दपार झाला. त्याच्यासाठी कुसुनोकी मासाशिगे हा लहानसा सरदार चिहाया नावाच्या डोंगरी किल्ल्यात प्रचंड फौजेसमोर टिकून राहिला. सम्राट बेटावरून निसटला, कामाकुराचे सरकार १३३३ मध्ये पडले, तीनच वर्षांत आशिकागा ताकाउजी या सेनापतीने सम्राटालाच राजधानीतून काढले. मासाशिगे १३३६ मध्ये मिनातोगावाच्या लढाईत हरला आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. सम्राट योशिनोच्या डोंगरात गेला, ताकाउजीने क्योतोत दुसऱ्या शाखेचा सम्राट बसवला, आणि जपानला १३९२ पर्यंत दोन दरबार, दोन सम्राट, दोन कालगणना मिळाल्या. खरे कोण हे ठरवायला आरसा, तलवार आणि रत्न या तीन राजचिन्हांची ओढाताण झाली. १३५२ मध्ये तर ती नसतानाच क्योतोत एक सम्राट बसवावा लागला.

आज मासाशिगेचा घोड्यावरचा पुतळा तोक्योच्या राजवाड्यासमोर आहे. मोहम्मद खानाचे नाव सानगडीच्या शाळेतल्या मुलांनाही माहीत असेलच असे नाही. मेलेल्या निष्ठावंताची आठवण ठेवली जाते आणि तडजोड करून जगलेल्याची नाही, एवढाच याचा अर्थ. मला विचाराल तर मोहम्मद खानाचा निर्णय जास्त समंजस होता. ज्या राजासाठी लढायचे तोच समोरच्याच्या पंगतीला बसलेला असताना आणखी किती माणसे मारायची?

भोसल्यांनी देवगडच्या घरात जे पाहिले तेच पुढे त्यांच्या घरात घडले. १७५५ मध्ये रघुजी वारले. चार मुलगे होते. जानोजी आणि साबाजी एका राणीचे, मुधोजी आणि बिंबाजी दुसरीचे. जानोजी वयाने मोठे, पण मुधोजींची आई मानाने मोठी. झगडा पुण्याला गेला. सेनासाहेब सुभा जानोजींना, चांदा आणि सेनाधुरंधर किताब मुधोजींना, छत्तीसगड बिंबाजींना, दारव्हा साबाजींना, अशी वाटणी झाली. पेशव्यांनी मध्यस्थाचा मान आणि नजराणा दोन्ही घेतले. त्या पेशव्यांनी स्वतः १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर साताऱ्याच्या छत्रपतींना नाममात्र करून ठेवलेले होते. म्हणजे भंडाऱ्याच्या रयतेच्या डोक्यावर गोंड राजा, त्याच्या नावाने कारभार करणारे भोसले, भोसल्यांना पद देणारे छत्रपती, आणि छत्रपतींच्या नावाने ते पद वाटणारे पेशवे, अशी उतरंड होती. कामाकुरात काही वेगळे नव्हते. तिथे सम्राटावर निवृत्त सम्राट, त्यांच्यावर शोगुन आणि शोगुनवर होजो कारभारी. प्रत्येक मजल्यावर नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा.

१७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघुजी दत्तक ठरवला होता, पण साबाजींनी पुण्याहून वस्त्रे मिळवली. तीन वर्षे घर आणि मुलूख दोन्ही जळत राहिले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेला पाचगावला दोन्ही भावांची गाठ पडली. मुधोजी हरत आले होते, वेढले गेले होते. साबाजींनी विजय झाला असे समजून आपला हत्ती भावाच्या हत्तीला भिडवला, आणि मुधोजींनी पिस्तुलाच्या गोळीने त्यांना ठार केले. वारसाचा निकाल तिथेच लागला. दुसरे रघुजी राजे झाले, कारभार वडिलांकडे राहिला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांनी लिहिली आहे. दुसरे रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. मुलगा परसोजी दुबळा आणि आजारी. पुतणे अप्पासाहेब कारभारी झाले, त्यांनी आपले आसन पक्के करायला इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, आणि १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मेलेले सापडले. नोव्हेंबरात अप्पासाहेबांची इंग्रजांशीच सीताबर्डीला लढाई झाली. १८१८ मध्ये अप्पासाहेब पदच्युत होऊन अलाहाबादच्या वाटेवरून निसटले. महादेवाच्या डोंगरात त्यांना आसरा दिला तो गोंड जमीनदारांनी. वैनगंगेच्या खोऱ्यातही त्यांच्या बाजूने उठाव झाला. त्या काळी भंडाऱ्याकडे असलेल्या आणि आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या कामठ्याचा चिमणा पटेल उठला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतला, आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली.

इंग्रजांनी गादीवर बसवलेले तिसरे रघुजी हे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे मुलगे, दत्तक घेऊन राजे केलेले. ११ डिसेंबर १८५३ ला तेही निपुत्रिक वारले. वाड्यात दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई आणि राण्या होत्या, दत्तकाचा मुलगा ठरलेला होता, पंच म्हणून इंग्रज होते. लॉर्ड डलहौसीने वारस नाही असे ठरवून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर आणि पागेतले हत्ती-घोडे लिलावात निघाले. रतनकुंवरने बोलावलेला पाहुणा दुसऱ्या खेपेला थांबला होता. या नव्या इंग्रज पाहुण्याने टिळा लावून घेण्याची तसदीही घेतली नाही. त्याचा हक्क कायद्याच्या कागदावर होता, आणि तो कागद त्यानेच लिहिला होता.

रघुजींनी देवगडची गादी ठेवली आणि डलहौसीने नागपूरची पुसली, यात दोघांच्या स्वभावाचा नाही तर राज्य करण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे. रघुजींना लोकांच्या मनातल्या जुन्या राजाची गरज होती. कंपनीला वाटले आपल्याला ती नाही. तीनच वर्षांत १८५७ चा उठाव झाला, आणि मग १८६१ मध्ये त्याच दत्तक मुलाला, दुसऱ्या जानोजींना, देऊरचे राजाबहादूर हा किताब देऊन भोसले घराण्याचा मान अंशतः परत करण्यात आला. राज्य परत मिळाले नाही.

भंडारा १८५४ मध्येच इंग्रजी जिल्हा झाला. आणि बुऱ्हाणशाहाच्या वंशजांचा, देवगडच्या गोंड राजांचा तनखा भोसल्यांच्या राज्यानंतरही इंग्रज सरकारने चालू ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या गॅझेटियरात नागपुरात राहणाऱ्या या घराण्याच्या प्रमुखाची नोंद राजा म्हणूनच आहे.